चिमणीची पुस्तकं

पुस्तक आजही फ्रेमवाल्याच्या खुर्चीवरच पडलं होतं. टेबलावर ठेवावं म्हणून त्याने ते उचललं. तेवढ्यात त्याची लेक चिमणी दप्तर घेऊन बाहेर पडली, दार लागलं आणि तो पुस्तक हातात धरून तिथेच बसला.

जेवण झाकून ठेवलंय, नळ गळतोय आणि संध्याकाळी आत्याचा फोन येणार आहे, एवढं ती जाता जाता सांगून गेली होती. त्याने मान डोलावली होती.

बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. गावभरच्या फोटोंना काच आणि चौकट देणारा माणूस तो, पण तिचा फोटो तेवढा अजून पाकिटातच होता. असू दे. त्याला खरा घोर होता तो पोरीचा. आईने तिचं नाव चिमणी पाडलं ते काही उगीच नाही. डोळा उघडल्यापासून हिची टकळी सुरू व्हायची. आता मात्र कामापुरतं बोलायची, क्षणभर थांबायची आणि आपल्या खोलीत निघून जायची. पोर मुकी झाली, आतल्या आत कुढतेय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्यात ही पुस्तकं. जाडजूड पुस्तकांचा दोन दिवसांत फडशा पाडणारी ही मुलगी आता शाळेच्या वाचनालयातून बोटभर जाडीचंही पुस्तक आणत नसे. आणायची ती पातळ पुस्तकंही वाचत नसावी, कारण खूण कायम पहिल्याच पानात. वाचायचंसुद्धा बळ उरलं नाही लेकरात, असं म्हणून बापाचं काळीज तीळ तीळ तुटायचं.

तिचं दुखणं समजावं म्हणून तो ती पुस्तकं गुपचूप वाचायला लागला. खरं तर त्याचं आणि पुस्तकांचं कधी जमलंच नव्हतं. 'जाड पुस्तक पाहिलं की ह्यांना ताप चढतो,' असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण ही पुस्तकं तो दुकानात न्यायचा, चौकटींच्या लाकडी पट्ट्या कापता कापता वाचायचा. पानांवर पडलेला भुसा फुंकायचा, खूण होती तिथे ठेवायचा आणि चिमणी यायच्या आत पुस्तक पुन्हा खुर्चीवर.

एकात साळिंदर होतं. भीतीने अंगाचं मुटकुळं करून बसलं आणि मग उलगडायचं कसं तेच विसरलं. दुसऱ्यात एक सुतार होता. घरात दोनच माणसं, तरी हा रोज तीन ताटं मांडायचा. मुलांच्या पुस्तकात एवढा थोरला बाप्या कशाला, असं त्याला वाटलं खरं. पण सुताराने तिसरं ताट उचलून फळीवर ठेवलं, तेव्हा फ्रेमवाल्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पोटभर रडून घेतलं. देणारी कुणी का असेना, तिला माझ्या पोरीचं मन कळलंय, असं त्याला वाटलं. वाचनालयातल्या बाई डॉक्टरसारख्या आधी काय होतंय ते विचारतात आणि मग पुस्तक देतात, असं चिमणीच एकदा म्हणाली होती.

संध्याकाळी त्याच्या बहिणीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं, मग तिने मुद्द्याला हात घातला.

"दादा, रविवारी येऊन मी पोरीला घेऊन जाते. इकडच्या शाळेत घालू. असल्या मुक्या घरात किती दिवस काढायचे?"

नको म्हणायचं होतं त्याला. पण ऐकतोयस ना, असं तिने विचारल्यावर तो 'हं' म्हणाला. चिमणी दारात उभी होती. ती वळून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता त्याने सरळ शाळा गाठली. वाचनालयात सगळंच पोरांच्या मापाचं. बुटकी कपाटं, बुटक्या खुर्च्या. गुडघे हनुवटीशी घेऊन तो बाईंसमोर बसला आणि घसा खाकरला. निघाला तो आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"बाई, मी चिमणीचा बाप. तुमचे उपकार आहेत. माझ्या मुलीला तुम्ही देता ती पुस्तकं मी चोरून वाचतो. तिचं दुःख तुम्ही बरोबर ओळखलंत. पण ती अजून बोलत नाही हो. रविवारी तिची आत्या तिला घेऊन जाईल. पोर गेली तर माझं घर बसलं. तिला बोलतं करेल असं एक पुस्तक द्या. कसंही करून द्या."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बोलत नाही? ती? अहो, तिला गप्प करता करता माझा घसा बसतो."

मग त्यांनी कपाटावरचं एक विटेएवढं जाड पुस्तक काढून दाखवलं. चिमणी मधल्या सुट्टीत रोज इथेच बसून वाचते, हे आता संपतच आलंय, असं त्या म्हणाल्या.

"मग ती पातळ पुस्तकं?" त्याने विचारलं.

"ती परत आणली की आधी या टेबलावर झटकते. लाकडाचा भुसा पडला की उड्या मारते. वाचलं, म्हणते, आता पुढचं द्या."

फ्रेमवाल्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझी एक रीत आहे. पुस्तक कुणासाठी हवंय आणि त्याला काय होतंय, हे विचारल्याशिवाय मी देत नाही. तुमच्या लेकीलाही विचारलं. ती म्हणाली, 'आई गेल्यापासून माझे बाबा बोलतच नाहीत. त्यांच्यासाठी काहीतरी द्या ना. पण पातळ द्या, जाड पुस्तक पाहिलं की त्यांना ताप चढतो.'"