उतरवताना

काकूंनी पाण्याचा डबा उचलून छातीशी धरला आणि धपकन स्टुलावर ठेवला. पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं.

"उचललात झकास," फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली. "ठेवताना हात का सोडता?"

"उचललं की संपलं ना काम?"

"अर्धंच. उतरवतानाही स्नायू राबतो. तुम्ही नेमकी तिथंच त्याला सुट्टी देता. चार म्हणेपर्यंत डबा टेकायचा नाही."

"अगं, तेवढ्यात माझी भांडी घासून होतात."

"तीही आदळतच असाल."

काकूंना हसायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं. त्यांनी डबा पुन्हा उचलला. मुलगी सावकाश मोजू लागली. तीनला हात थरथरले आणि डबा सुटलाच.

दारात मुलगा हाताची घडी घालून उभा होता. "आई, हट्ट पुरे आता. परवा बाबांना खुर्चीत असंच टाकलंस, पाठ काळीनिळी झाली त्यांची. आज पुन्हा तसं झालं, तर सोमवारी त्यांना सेवाकेंद्रात हलवतोय. बोलून ठेवलंय मी."

पलंगावरून काका छताकडे बघत होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. रोजची ही मोजणी मात्र ते पडल्या पडल्या ऐकत असत.

"जेवायची वेळ झाली," काकू म्हणाल्या. "यांना खुर्चीत घेऊ."

त्यांनी काकांच्या कमरेचा पट्टा धरला, गुडघ्याला गुडघा लावला आणि त्यांना उभं केलं. त्यात त्या कधीच चुकत नसत. वळवून खुर्चीसमोर आणलं. काकांनी नेहमीसारखे डोळे घट्ट मिटून घेतले, आता आदळणार म्हणून.

"एक," काकू म्हणाल्या आणि वाकू लागल्या. "दोन."

पुढचा आकडा काढायला श्वास उरला नाही. मांड्या पेटल्या होत्या. पट्ट्यावरची बोटं एकेक करून सुटायला लागली. मुलगा पुढे धावला. मुलीनं हात आडवा घालून त्याला थांबवलं.

"ती...न."

आवाज जाड होता, जिभेत अडखळलेला. काकूंच्या अगदी कानाशी.

त्यांनी पट्टा पुन्हा आवळला आणि तशाच, अर्ध्यावर वाकलेल्या, चारची वाट पाहत राहिल्या.