सरावाची गाणी

“हे नको,” डेल म्हणाला. “याच्या पुढचं घे.”

“का? याला काय झालं?” रोनेटने विचारलं. प्लॅस्टिकची गिटार तिच्या गळ्यात होती.

“फार अवघड आहे. आत्ताच याला हात घातलास तर बोटांना वाईट वळण लागेल.”

“बरं, मास्तर.”

तिने पुढचं गाणं लावलं. टीव्हीच्या पडद्यावरून रंगीत ठिपके खाली घसरू लागले. ठिपका रेषेवर आला की त्याच रंगाचं बटण दाबून पट्टी ओढायची, एवढाच खेळ. हिरवं, लाल, पिवळं, निळं. गाणं चांगलंच वेगवान होतं. पण पाचवं, नारिंगी बटण त्यात जवळजवळ नव्हतंच.

डेलने ते म्हणूनच निवडलं होतं.

ओहायोतल्या त्या गावात मोटारींच्या सीटा शिवणारा कारखाना मार्चमध्ये बंद पडला. डेल आणि रोनेट तिथे अकरा वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर होते. नंतर सगळ्यांनी मिळून डेलसाठी थोडी मदत गोळा केली, कारण त्याच्या बायकोचे, मर्नाचे, कॅन्सरचे उपचार चालू होते. डेलने ते पैशांचं पाकीट न उघडताच परत पाठवलं. “मी अजून धडधाकट आहे,” एवढंच म्हणाला.

सप्टेंबरमध्ये बाजारपेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाने स्पर्धा जाहीर केली. गिटारच्या खेळात जो जिंकेल त्याला खेळांच्या विभागात कायमची नोकरी, आरोग्यविम्यासकट. कारखान्याचा विमा डिसेंबरमध्ये संपणार होता. मुलीने दिलेला तो खेळ डेल दोन वर्षं तळघरात खेळत होता. त्याला वाटलं, ही नोकरी आपलीच.

दोनच दिवसांनी रोनेट दारात उभी. “मीही नाव दिलंय. मला शिकव ना.”

नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

ती कुठे अडते ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं. तिची करंगळी आखूड होती. नारिंगी बटण गाठायला अख्खा हात खाली सरकवावा लागतो, आणि तिचा हात सरकतच नव्हता. त्यावर उपाय होता. हात सरकवायला लावणारी पाचसहा गाणी निवडायची, वेग निम्मा करायचा, एकच तुकडा शंभरदा वाजवायचा. महिन्याभरात हात आपोआप जातो. डेल स्वतः तसाच शिकला होता.

त्याच आठवड्यात दुकानात मंच उभारायचं रोजंदारीचं काम त्याला मिळालं. व्यवस्थापक पर्सेलच्या टेबलावर अंतिम फेरीच्या गाण्याचं नाव त्याने पाहिलं. त्यात बारा वेळा हात नारिंगीपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा होता. तो कोणाला काही बोलला नाही.

रोनेट रोज चारला यायची. पांढरे बूट, तारवटलेले डोळे, पण सराव कधी चुकवला नाही. मर्ना ब्लँकेट गुंडाळून जिन्यावर बसायची आणि दोघांना बघायची.

“अरे, तिला ते घसरगुंडीवालं गाणं दे ना,” एकदा मर्ना म्हणाली. “तू ज्याच्यावर शिकलास ते.”

“एवढ्यात नको,” डेल तुटकपणे म्हणाला.

“जाऊ दे गं,” रोनेट हसली. “मास्तर चिडले तर गृहपाठ वाढतो.”

मर्ना खळखळून हसली. कित्येक आठवड्यांनी. डेलने मान फिरवली आणि यादीत तिच्यासाठी आणखी एक सरळसोट गाणं शोधलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुकान माणसांनी फुलून गेलं होतं. आठ जण उपांत्य फेरीत आले. त्यांतले पहिले दोन अंतिम फेरीत जाणार होते. उपांत्य फेरीचं गाणं अगदी साधं, नुसतं वेगाचं होतं. पट्टी एकसारखी ओढायची आणि दमायचं नाही. असली गाणी डेलने महिनाभर फक्त रोनेटला दिली होती; स्वतः ती त्याने केव्हाच सोडून दिली होती. दुसऱ्या मिनिटाला त्याचं मनगट आखडलं. तो तिसरा आला. रोनेट दुसरी.

तो मंचावरून उतरला तेव्हा ती पुढे झाली आणि तिने त्याचा दंड घट्ट धरला. “घाबरू नकोस. मी आहे ना अजून.”

त्याने दंड सोडवून घेतला. टोमणा मारायला हीच वेळ सापडली, असं त्याला वाटलं.

अंतिम फेरीत तिच्यासमोर शेजारच्या गावातला एक शाळामास्तर होता. पहिलं कडवं दोघांनीही बिनचूक वाजवलं. मग नारिंगी ठिपके आले. रोनेटचा हात सरकला नाही. एक चुकला, मग दुसरा, मग सगळेच. भिंतीपाशी उभा राहून डेल ते मोजत होता, आणि प्रत्येक चुकीला त्याच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं होत होतं. आपल्याला नाही तर नाही. निदान तिला तरी नाही.

ती खाली आली ती रडतच. “माफ कर, डेल,” म्हणाली आणि कोट न घालताच दाराबाहेर गेली. ही आपली माफी कशाला मागते, ते त्याला कळेना.

पर्सेल अर्जांचा गठ्ठा आवरत त्याच्याजवळ आला. “फार वाईट वाटलं हो. तुमच्यासाठी दोघं खेळत होतात, तरी नोकरी हातची गेली.”

“दोघं? ती तर स्वतःसाठी खेळत होती.”

“रोनेट? छे. तिला जुलैपासूनच वृद्धाश्रमात काम लागलंय, विम्यासकट.” पर्सेलने गठ्ठ्यातला एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. “जिंकल्यास नोकरी स्वतःऐवजी दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर, त्या रकान्यात तिने तुमचं नाव लिहिलंय.”