अंडी की खलबत्ता

"काका, आवाज हाय," शुभंकर म्हणाला.

"नाही," म्हणत कचरू पुन्हा बॉनेटखाली वाकला.

आम्रपाली ऑफिसातून थेट गॅरेजवर आली होती. रोजच यायची. स्कूटर एकच, घर पर्वतीपायथ्याला आणि नवरा, कचरू, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी ऐकून तिचं डोकं भणभणलं होतं. ओढणी आवरून ती टायरच्या चवडीवर टेकली, तोच तिलाही तो आवाज आला. इंजिनाच्या घरघरीखालून, एका लयीत. चांगला स्पष्ट.

शुभंकर फुरसुंगीचा. त्याच्या जुन्या, छोट्या गाडीत आता टर्बो होता, आणि इंजिन कचरूनं परवाच नव्यानं बांधून दिलं होतं. रविवारी घाटातल्या शर्यतीत तो ती पळवणार होता.

"मी काय येडा हाय का, काका? रेस केली की दबतोय, सोडली की परत सुरू. बेरिंग गेलं असंल तर वर घाटात इंजिन जाम हुईल. मग मी कुटं जाईन, तेवढं सांगा."

कचरूनं लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला. टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला, ही त्याची जुनी तऱ्हा. लोक लांबून यायचे ते त्याच्या या कानासाठी. मूठ उजव्या कानाला लागली. मग डाव्या. मग परत उजव्या, जरा दाबून.

आम्रपाली बघत राहिली. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आणि फोनवर हा माणूस विचारलं एक की सांगायचा भलतंच. लक्ष नसतं यांचं, म्हणून ती चिडायची. लक्ष तर आता सगळं त्या मुठीत होतं.

कचरू सरळ झाला. "आम्रपाली, तू ये इकडं. शुभंकर, आता हिचा कान बघ. शेजारच्यांचा नळ ठिबकला तरी मला उठवते ही."

शुभंकर हसला. कचरूही हसला, पण नुसत्या तोंडानं. तिच्याकडे बघणारे डोळे हसत नव्हते.

ती उठली. उठताना गुडघे कडकडा वाजले. तेही यांना ऐकू आलं नसणार, तिच्या मनात आलं. एरवी नक्की टोमणा मारला असता.

"कसा येतोय?" कचरूनं विचारलं.

"टकटक."

"टकटक सगळंच करतं. पोकळ की जड? जड असला तर बेरिंग."

ती वाकली. गरम तेलाचा वास, अंगात शिरणारी थरथर. चुकून चालणार नव्हतं. एका शब्दानं इंजिन पुन्हा खाली उतरलं असतं, आणि दुसऱ्या शब्दानं हा मुलगा घाटात गेला असता. तिनं डोळे मिटले. यंत्रातलं तिला काही कळत नव्हतं. तिच्याजवळ होतं ते स्वयंपाकघर.

"अंडी," ती म्हणाली.

"काय?"

ती त्याच्या डाव्या बाजूला आली आणि मोठ्यानं म्हणाली, "अंडी! पातेल्यात उकडायला ठेवली की उकळी आल्यावर तळाला आपटतात ना, तशी."

"खलबत्ता नाही?"

"नाही हो. खलबत्त्याचा घाव खोलवर जातो. कुटताना ओट्यावरचे डबे हलतात. हा वरच्या वर आहे."

कचरूचे खांदे जरासे उतरले. "बंद करू नको," तो शुभंकरला म्हणाला. "गरम होऊ दे तिला."

तिघं उभे राहिले. शुभंकर खिडकीतून तापमानाच्या काट्याकडे बघत होता. आम्रपाली इंजिनाकडे कान देऊन होती. कचरू ना काट्याकडे बघत होता, ना इंजिनाकडे. तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि इतका वेळ त्यानं तिच्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अंडी हळू झाली. एखाददुसरं आपटत राहिलं. मग तेही थांबलं. तिच्या कपाळावरची आठी सुटली.

"गेला," कचरू म्हणाला.

"आरं तिच्या! खरंच की!" शुभंकरनं बॉनेटवर थाप मारली. "काका, मानलं तुमच्या कानाला."

"शर्यतीचे पिस्टन आहेत, बाबा. गरम झाले की फुगतात, म्हणून थंडपणी सैल बसवावे लागतात. तोवर वाजणारच. सकाळी चालू केल्या केल्या पळवू नकोस, एवढं पाळ." कचरूनं स्क्रू-ड्रायव्हर पुसून जागेवर टांगला. मूठ बराच वेळ पुसली.

गॅरेज बंद करून दोघं निघाले. स्वारगेटच्या सिग्नलला गर्दी तुंबली होती. उन्हं उतरली तरी धूर उतरला नव्हता. कचरूनं मान जरा मागं वळवली.

"आम्रपाली, नक्की अंडीच ना गं?"

ती पुढं वाकली. सवयीनं उजव्या खांद्यावर आलेली हनुवटी तिनं उचलली आणि डाव्या खांद्यावर ठेवली.

"अंडीच. नक्की."

त्यानं मान हलवली. शेजारचा रिक्षावाला मघापासून त्यांच्याकडे वैतागून बघत होता. स्कूटरचा इंडिकेटर मार्केट यार्डाच्या वळणापासून चालूच होता, आणि त्याचा बझर कोकलत होता. इंडिकेटर बंद करायचा राहू नये, म्हणून कचरूनंच तो हौसेनं बसवला होता.

आम्रपालीनं त्याच्या कमरेवरून हात पुढं घातला आणि हँडलवरचं बटण अंगठ्यानं दाबून इंडिकेटर बंद केला.

"काय गं?"

"काही नाही," ती त्याच कानात म्हणाली. "चला. हिरवा झाला."