सरांचा स्नायू

"नाहीये," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिमटा ट्रेमध्ये टाकला.

विच्छेदनाच्या टेबलाभोवती सोळा विद्यार्थी वाकून बघत होते. बाकीचं शरीर महिनाभरात शिकवून झालं होतं. छाती बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. काल उजवी बाजू झाली, आज डावी. कातडी उलटून ठेवलेली, चरबी कणाकणाने काढलेली आणि खाली छातीचा रुंद स्नायू, कुठल्याही पुस्तकात असतो तसा. त्याच्यावरून छातीच्या हाडाला लागून उभी जाणारी स्नायूची बोटभर पट्टी मात्र कुठेच नव्हती.

टेबलावर सर होते, शरीररचना विभागाचे माजी प्रमुख. माणसाच्या शरीरात उरलेल्या निरुपयोगी अवयवांवर त्यांनी हयात घालवली होती. ती पट्टी शंभरात चार-पाच जणांनाच असते, काही कामाची नसते, जनावराच्या कातडीखालच्या स्नायूचं ते उरलंसुरलं, असं ते शिकवत. आणि ती आपल्या छातीत आहे, हे प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला अशा थाटात सांगत की जणू कुणी पदक लावलंय. मृत्युपत्रात देह विभागाला दिला होता. अट एकच: पट्टी वेगळी काढून, सरांच्या नावाच्या बरणीत, संग्रहालयाच्या दर्शनी कपाटात. आणि ती बाईंनीच काढावी, कारण 'त्यांचा हात बरा आहे'. बावीस वर्षांत बाईंच्या वाट्याला आलेलं हे एवढंच कौतुक, तेही सर गेल्यावर.

"मॅडम, म्हातारपणी झिजली असेल," एक हुशार मुलगी म्हणाली.

"स्नायू झिजतो. उठून निघून जात नाही. लिहून घ्या, दोन्ही बाजूंना नाही."

हातमोजे काढताना बाईंना गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

बाहेर व्हरांड्यात संचालकांनी त्यांना गाठलं. बरणीच्या अनावरणाला शुक्रवारी पाहुणे यायचे होते.

"नाहीये म्हणजे?" ते म्हणाले. "संग्रहालयात तसल्या दोन बरण्या आहेत ना? एकीवर सरांचं नाव लावून टाका. स्नायूवर काय फोटो असतो?"

"एक हमालाची आहे. दुसरा बेवारस होता."

"मग तर प्रश्नच मिटला. तक्रार कोण करणार?"

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याला बसवावं की नाही, असा विचार करत बाईंनी संचालकांकडे पाहिलं.

"जमणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग वहिनींना तुम्हीच सांगा. तुमच्या खोलीत बसल्यात." आणि ते घाईघाईने जिना उतरून गेले.

सरांची बायको खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, मांडीवर पर्स. बाईंनी वाक्य जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. किती दिवसांपासून ते त्यांना कुणाला तरी ऐकवायचं होतं.

"वहिनी, तो स्नायू सरांच्या छातीत नव्हता. कधीच नव्हता."

"नव्हताच," वहिनी म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं संसार केला, मला डोळे नाहीत का? पाहुणे आले की शर्टाची बटणं उघडायचे आणि मला विचारायचे, आहे की नाही? मी म्हणायचे, आहे बाई आहे. चहा निवत असायचा."

बाई मनापासून हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

"त्यांच्या पुस्तकात त्या स्नायूचं चित्र आहे. ते तुम्हीच काढलंय ना?"

"हो."

"तुम्हाला दिसला होता?"

सरांनी याच खोलीत दोन बटणं काढून छाती पुढे केली होती. 'दिसतोय ना?' बाईंची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्यांनी तंतू न् तंतू रेखला होता. पुढे ते चित्र आणखी चार पुस्तकांनी उचललं.

"नाही," बाई म्हणाल्या.

वजनात मारल्याचं दुकानदाराने कबूल केल्यावर गिऱ्हाईक बघतं, तसं वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावण्याइतकीही किंमत त्या नजरेत नव्हती.

"बरं, बाकी आत काय निघालं?" त्यांनी विचारलं. "मेंदू, आतडी... काही वेगळं?"

"काही नाही. सगळं चारचौघांसारखं."

"चारचौघांसारखं." वहिनींनी तो शब्द तोंडात घोळवला. "हे लिहून द्याल मला? सहीशिक्क्यानिशी?"

बाईंनी विभागाचा छापील कागद घेतला. तपासणी दोन्ही बाजूंनी केली. सदर स्नायू आढळला नाही. इतर सर्व रचना सर्वसाधारण. पेन तिथेच थांबलं. मग त्यांनी चौथी ओळ लिहिली: पुस्तकातील चित्र प्रत्यक्ष न पाहता काढलेले असून ते मी काढले आहे. सही केली, शिक्का मारला.

वहिनींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. घडी न घालता कागद परत पुढे सरकवला.

"अक्षर मोठं काढाल का जरा? दिवाणखान्यात त्यांची अकरा मानपत्रं आहेत, त्यांच्या मधोमध लावायचंय. सोफ्यावरून वाचता आलं पाहिजे."

बाईंनी दुसरा कागद ओढला आणि चारही ओळी पुन्हा लिहायला घेतल्या, फळ्यावर लिहावं तेवढ्या अक्षरात.