कोरी कातडी

चौथ्यांदा वृंदा चौकीत आली, तेव्हा हवालदार शकिला मुजावर यांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे केली. मागच्या तिन्ही वेळी वृंदाच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. नवरा इस्त्रीने भाजायचा आणि तासाभरात स्वतःच तिला दवाखान्यात न्यायचा. तिथे एक्सोसोमचं इंजेक्शन दिलं की पाच दिवसांत बाळासारखी कोरी कातडी यायची, आणि तोवर तो तिला घराबाहेर पडू द्यायचा नाही. "किती जपतात हो तुम्हाला," असं नर्स म्हणायच्या. फोटो काय, कुणीही बनवतं. म्हणून कोर्ट अंगावरची खूणच मागायचं, आणि खूण कधीच उरत नव्हती.

आज तिने ओढणी बाजूला केली. खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली होती.

"अगं बाई! आधी दवाखान्यात चल," शकिला उठल्या.

"नको मॅडम. आधी तक्रार लिहून घ्या."

"वेडी आहेस का? सहा तासांच्या आत इंजेक्शन मिळालं नाही, तर व्रण जन्मभर राहील."

"ठाऊक आहे," वृंदा म्हणाली. "म्हणून तर कालपासून मैत्रिणीच्या घरी लपून बसले होते."