आबांची उरलेली ध्येयं

हौसराव आबांच्या दहाव्याला घोडनदीच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे नुसते बसून होते.

"काहीतरी इच्छा राहिली असंल," भावकीतलं कुणीतरी म्हणालं.

आबांचा मुलगा सत्यजीत निर्धास्त होता. लोकांना आयुष्याची ध्येयं ठरवायला शिकवणं हाच त्याचा धंदा. आबा कारखान्यातून रिटायर झाले त्याच संध्याकाळी त्यानं त्यांना समोर बसवून वीस ध्येयांची यादी लिहून घेतली होती. ती त्यानं खिशातून काढली.

"आबा, तुमची मॅरेथॉन मी पळतो."

कावळे हलले नाहीत.

"तुमचा गिटारचा क्लास मी पुरा करतो."

कावळ्यांनी माना फिरवल्या.

"रोज पहाटे चारला उठून ध्यान..."

एक कावळा उडूनच गेला.

बारा वाजले. पाव्हणे भुकेनं चुळबुळायला लागले. शेवटी आबांची बायको सारजाबाई उठली. तिनं मुलाच्या हातातला कागद घेतला, फाडला आणि नदीत सोडला.

"आवं, आता तुमाला कुणी काय करायला लावणार न्हाई. निवांत बसा."

तिचं बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर होता.