भुताचं मागणं

"बोल, कोण हायेस तू?" सुभद्राबाईनं शालनच्या केसांना हिसडा दिला. "कुठनं धरलंस हिला?"

शालन बोलली नाही. आखाडात तिचा मुलगा तापानं गेला, तेव्हापासून ती कुणाशीच बोलत नव्हती. कालपासून धाकट्या ठकीलाही ताप भरला, तशी सासूची, गोजाबाईची, खात्रीच पटली की सुनेला धरलेलं भूत घरातली पोरं खातंय. मंगळवार गाठून ती दोघींना सुभद्राबाईच्या अंगणात घेऊन आली होती. ताप पोरीला आणि हिसडे आईला. दुखणं म्हशीला नि डाग पखालीला म्हणतात, ते हेच.

सुभद्राबाईच्या अंगात देवी यायची. मंगळवारी चिखलीतल्या बायांनी तिचं अंगण भरून जायचं. सगळ्यांना देवीच हवी असायची असं नाही. घरात तोंड उघडलं की पाठीत लाटणं बसायचं. इथं अंगात वारं शिरलं की सासूला शिव्या घातल्या तरी सासूच पाया पडायची. जे बोललं ते भुतानं, बाईवर बोल नाही.

हिसडे देता देता सुभद्राबाई शालनच्या कानाशी वाकली. एकेकाळी तीही कुणाची सून होतीच.

"बोलून घे, बाई," ती हळूच म्हणाली. "हितं बोललेलं तुझं नसतं. मनात ठिवू नगंस."

शालननं मान वर केली. सासूच्या खांद्यावर ठकी पडली होती, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. शालन घुमू लागली.

"सोडते हिला." आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेला.

गोजाबाई लगबगीनं पुढं सरकली. "सोड गं माय! काय पायजे तुला? कोंबडं देऊ? हिरवं लुगडं नेसवू?"

"लुगडं नगं. पोरीला दवाखान्यात न्या. पिंपरीला. आजच्या आज. सुई टोचा तिला."

अंगणात कुजबूज झाली. असलं मागणं कुठल्या भुतानं कधी केलं नव्हतं. पण भुताला नाही म्हणायची छाती कुणाची?

"नेते, माय, नेते!" गोजाबाईनं पदर पसरला. "माझा भिमाजी आला की सायकलीवर घालून धाडते. त्याच्याच कारखान्यात बनतंय म्हणं ते सुईचं औषध."

शालन इथंच थांबती तर बरं होतं. पण सुभद्राबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा गेल्यापासून त्या पाठीवर कुणाचा हात फिरला नव्हता.

"आणखी बोल," सुभद्राबाई म्हणाली. "समदं बोल."

आणि ती वेडी समदं बोलली.

"पोराला बी दवाखान्यात न्या म्हणून ह्या सासूचं पाय धरलं. न्हाई नेलं. अंगारा चोळत बसली. ह्या परडीतला अंगारा, ह्या बाईनं दिल्याला! सुई टोचाल तर देवी कोपंल म्हणली ही बाई. तुमच्या अंगाऱ्यानं माझं पोरगं मारलं!"

पाठीवरचा हात थांबला. सुभद्राबाईची देवी केव्हाच उतरली होती. ती नेहमीच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "लबाड भूत हाय हे, गोजाबाई. देवीवर आळ घेतंय. ह्याचं काय बी ऐकू नगा. दवाखान्यात न्याल तर ही पोरगी बी जाईल."

परडीतला अंगारा तिनं पानात बांधून गोजाबाईच्या हाती दिला.

शालन घुमायची थांबली. तिनं सासूच्या पायांना मिठी घातली. "आत्याबाई, भूत न्हाई. म्या बोलतीया. शालन बोलतीया. ठकीला न्या वो."

"न्हाई न्हाई, आता गप बस," गोजाबाईनं तिला मायेनं उठवलं. चार बाया डोळे पुसत म्हणाल्या, "बोलली गं! देवीनं वाचा दिली." सुनेचं एवढं कौतुक त्या अंगणात पहिल्यांदाच झालं.

तिन्हीसांजेला भिमाजी कारखान्यातून आला. सायकल भिंतीला टेकवतोय तोच आईनं सांगितलं, "शालन बोलली रं! गुण आला."

भिमाजी शालनकडे बघून हसला. किती दिवसांनी हसला.

"आवं," ती म्हणाली, "ठकीला दवाखान्यात न्या."

त्यानं आईकडे पाहिलं. गोजाबाईनं नकारार्थी मान हलवली आणि पानाची पुडी पुढं केली.

दिवसभर तो त्याच सुईच्या औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचा. त्याचा कुबट वास हातांना चिकटलेला असायचा, साबणानंही जायचा नाही. त्याच हातांनी त्यानं पान सोडलं, चिमूटभर अंगारा घेतला आणि ठकीच्या तापलेल्या कपाळाला लावला.